किल्ली खिशात असताना

"हे गाणं काढून टाकू या," असं म्हणून हेरंब माइकसमोरून बाजूला झाला.

ड्रमवर बसलेल्या एमॉसने काठ्या मांडीवर ठेवल्या. काचेपलीकडे रेकॉर्डिंगला बसलेल्या उन्मेषने मान वर केली. सकाळपासून आम्ही त्या एकाच गाण्यावर अडलो होतो आणि दर वेळी हेरंबचा आवाज दुसऱ्या ओळीशी येऊन बसत होता.

"काढून टाकू या म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे अल्बममध्ये नको. नाहीतर मग हे शब्द घेऊ." त्याने मागच्या खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्यापुढे धरला.

माझ्या गळ्यात बेस होता. कागद न घ्यायला तेवढं निमित्त पुरलं. "वाचून दाखव."

त्याने घसा साफ केला. "दार बंदच होतं नेहमी, मी उगाच वाजवलं. घर म्हणून ज्याला म्हटलं, ते भाड्याचं निघालं."

"भाड्याचं तर होतंच की ते," एमॉस म्हणाला. "मीच बघून दिलेलं. मालक चांगला होता."

मला हसू आलं. हेरंबला आलं नाही.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. आमच्या बँडचं नाव 'पाणपोई'. एका पाणपोईच्या मागच्या खोलीत आम्ही पहिली तालीम केली, म्हणून ते नाव. नाशिकमध्ये स्वतःची मराठी गाणी लिहून वाजवणारे तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते आणि त्यात आमचा नंबर वरचा होता. हेरंब कुलथे गाणी लिहायचा, गायचा, गिटार वाजवायचा. एमॉस साळवे शरणपूरच्या चर्चमध्ये वाजवत वाढलेला. दिवसा तो लोकांना मोटार चालवायला शिकवायचा, त्यामुळे कशानेही दचकायचा नाही. आणि मी, सुनेत्रा दाणी, बेस वाजवायचे. बेस म्हणजे चार जाड तारांची गिटार. ऐकणाऱ्याचं तिच्याकडे लक्ष जात नाही, पण सगळं गाणं तिच्यावर उभं असतं. मी ती चांगली वाजवायचे. हे सांगायला मी तेव्हाही लाजत नव्हते.

हेरंब माझा नवरा होता. आमचं लग्न मोडलं होतं.

भांडाभांडी नव्हती, तिसरं कुणी नव्हतं. दोघांच्या संमतीचा अर्ज आम्ही उन्हाळ्यात कोर्टात दिला होता. विचार बदलतोय का हे बघायला कोर्ट सहा महिने देतं, तेच महिने चालू होते. आणि त्यातच आमच्या पहिल्या अल्बमसाठी उन्मेषच्या तारखा आधीच ठरलेल्या होत्या. सगळ्यांना वाटलं होतं, आता हे बारगळणार. मी सगळ्यांना फोन करून सांगितलं, की गाणी तयार आहेत, आम्ही येतोय. हेरंबला वेगळा फोन केला. "स्टुडिओत घरचं काही काढायचं नाही," एवढंच ठरवलं. तो बरं म्हणाला.

उन्मेष बोरस्तेचा स्टुडिओ म्हणजे त्याच्या वडिलांचं द्राक्षांचं जुनं शीतगृह. दिंडोरी रस्त्यावर, चारी बाजूंनी बागा. पोराने चेन्नईला जाऊन ध्वनिमुद्रणाचं शिक्षण घेतलं आणि परत येऊन वडिलांकडे हीच एक इमारत मागितली. भिंती हातभर जाड. दार लोटलं की बाहेर ट्रॅक्टर चालू असला तरी आत पत्ता लागत नाही. मुंबईच्या स्टुडिओंना इतकी शांतता मिळत नाही, असं तो सांगायचा, आणि ते खरं असावं.

तर त्या शांततेत हेरंब कागद हातात धरून उभा होता.

"नको," मी म्हणाले. "हे शब्द वाईट आहेत."

"वाईट की तुला लागतील असे?"

"वाईट. 'घर म्हणून ज्याला म्हटलं' ही ओळ तालात बसत नाही. एमॉसला विचार."

एमॉस छताकडे बघायला लागला.

"हे बघ सुनेत्रा," हेरंब आवाज खाली आणून म्हणाला, "ते गाणं मी तुझ्यावर लिहिलंय. सगळ्यांना माहितेय. आता मी ते कुठल्या तोंडाने गाऊ?"

"ज्या तोंडाने लिहिलंस त्याच. आणि गाणं माझ्यावर आहे ना? मग ते काढायचं की नाही हे मला विचारून ठरव. मी सांगतेय, राहू दे. आपल्याकडे याच्यापेक्षा चांगलं गाणं नाही."

ते खरंच होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्याने ते लिहिलं. अगदी साधं गाणं.

किल्ली आहे खिशात, तरी दार वाजवतो,
तू येशील उघडायला, तेवढा वेळ जगतो.

कॉलेजांतल्या कार्यक्रमांत पोरं ही ओळ आमच्याआधी म्हणायची. अल्बमचं नावही आम्ही 'दार वाजवतो' असंच ठरवलं होतं.

त्या दिवशी आम्ही तो विषय तिथेच सोडला आणि दुसऱ्या एका गाण्याचं काम उरकलं. ते छान झालं. पण परतीच्या वाटेवर एमॉसच्या गाडीत मी मागे बसून एकच विचार करत होते. हेरंबला गाता का येत नाही? आवाज ठीक होता, बाकीची गाणी तो मजेत गात होता. मग लक्षात आलं, की आम्ही ते गाणं तुकड्यातुकड्यांत करत होतो. आधी ड्रम, मग माझा बेस, मग तो एकटा कानांना हेडफोन लावून बंद खोलीत. हे गाणं त्याने असं एकट्याने कधी गायलंच नव्हतं. दर वेळी मी त्याच्या उजव्या हाताला असायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उन्मेषला म्हणाले, "आज हे गाणं आम्ही तिघं एकाच खोलीत, एकदम वाजवणार. सुरुवातीपासून शेवटपर्यंत."

"ताई, सगळे आवाज एकमेकांत मिसळतील," तो म्हणाला. "ड्रम त्यांच्या माइकमध्ये शिरतील. नंतर एखादा सूर चुकला तर तेवढाच दुरुस्त नाही करता येणार."

"नाही चुकणार."

"आणि चुकला तर?"

"तर परत वाजवू. आम्हाला वाजवता येतं रे, उन्मेष."

तो हसला आणि माइक हलवायला लागला. एमॉसच्या ड्रमभोवती त्याने गाद्या उभ्या केल्या. हेरंब नुसता बघत होता. मी माझा स्टँड उचलला आणि त्याच्या बरोबर समोर नेऊन ठेवला.

"इथे?" त्याने विचारलं.

"इथे."

"मला नाही जमणार."

"एकदा करून बघू. मग तू म्हणशील तसं."

पहिला प्रयत्न अगदीच पडला. त्याने जमिनीकडे बघून पूर्ण कडवं म्हटलं. मी हात वर करून थांबवलं. "माझ्याकडे बघून गा, नाहीतर भिंतीकडे बघून गा. बुटांकडे बघून गाऊ नकोस, सगळा आवाज खाली जातोय."

"तू काय माझी शिक्षिका आहेस?"

"नाही. पण तू आज पहिलीतल्या मुलासारखा वागतोयस."

एमॉसने झांजेवर एक टोला मारला. "जेवण करून करू या का? माई आल्यात."

आम्ही चमकून काचेकडे बघितलं. काचेपलीकडे, उन्मेषच्या शेजारी, हेरंबची आई उभी होती. दोन्ही हातांत पिशव्या. माई स्टुडिओत याआधी कधी आल्या नव्हत्या. त्या का आल्या असतील हे मला लगेच कळलं आणि हेरंबलाही कळलं असावं, कारण तो म्हणाला, "मी नाही बोलावलं तिला."

बाहेर जुन्या माल चढवायच्या ओट्यावर सतरंजी टाकून आम्ही जेवलो. समोर नुकत्याच छाटलेल्या द्राक्षबागा होत्या, नुसती खोडं आणि तारा. माईंनी ज्वारीच्या भाकरी, वांग्याचं भरीत आणि खुरासणीची चटणी आणली होती. ती चटणी मला आवडते म्हणून त्या लग्नाआधीपासून माझ्यासाठी वेगळी डबी भरायच्या. तशीच डबी त्यांनी माझ्यापुढे ठेवली.

"बारीक झालीस गं," त्या म्हणाल्या.

"नाही हो माई. वजन वाढलंय उलट."

"मला तशीच दिसतेस." मग जरा थांबून, "मी ऐकत बसले तर चालेल ना? काही बोलणार नाही."

नाही कसं म्हणणार? मी त्यांना काचेपलीकडच्या मोठ्या खुर्चीत बसवलं.

जेवल्यावर सगळेच सैलावले होते. एमॉसने काठ्या बाजूला ठेवून तारांचे ब्रश घेतले, कारण पोट भरल्यावर त्याला जोरात वाजवावंसं वाटत नाही. आता लोक त्या गाण्याच्या ड्रमचं कौतुक करतात, त्याचं कारण वांग्याचं भरीत आहे. उन्मेषने बोटांनी खूण केली. एमॉसने मोजलं. मी सुरुवात केली.

हेरंबने पहिली ओळ भिंतीकडे बघून म्हटली. दुसऱ्या ओळीला त्याने माझ्याकडे बघितलं आणि मग नजर हलवलीच नाही. आवाज बसला नाही. तो उगाच चढवतही नव्हता. बोलल्यासारखा गात होता. मी त्याला कार्यक्रमांत कितीतरी वेळा हे गाताना ऐकलं होतं, पण असं नाही. शेवटच्या कडव्याला आले तेव्हा माझा हात आपोआप तारांवर आडवा पडला आणि मी वाजवायची थांबले. हे ठरलेलं नव्हतं. खालचा आधार गेला आणि त्याचा आवाज त्या मोठ्या खोलीत एकटाच राहिला, मागे फक्त ब्रशची सळसळ. एमॉसने एका भुवईने मला विचारलं. मी मान हलवली. अजून नाही. कडव्याची शेवटची ओळ संपता संपता मी परत आले, एका खालच्या लांब सुरावर, आणि तिघं मिळून गाणं संपवलं.

झांजेचा आवाज पूर्ण विरेपर्यंत कुणी हललं नाही.

मग काचेपलीकडून उन्मेष म्हणाला, "झालं. याला मी हात नाही लावणार."

माई पदराने डोळे पुसत होत्या. मग एकेक जण तिथून निघाला. एमॉसला अचानक गाडीतून काहीतरी आणायचं होतं. उन्मेषला चहाचं बघायचं होतं आणि माईंना बाग दाखवायची होती. लपवाछपवीत हे तिघंही अगदी कच्चे. आत मी आणि हेरंब राहिलो. दोघंही बाहेर ओट्यावर येऊन बसलो.

खोटं कशाला सांगू, मी हलले होते. पाच-सहा महिने ज्या माणसाशी मी फक्त तालमीच्या वेळा आणि वकिलाच्या वेळा बोलत होते, त्याने आत्ता माझ्या डोळ्यांत बघून ते गायलं होतं.

"सुनेत्रा," तो म्हणाला, "आपण परत विचार करायचा का?"

त्याने विचारलं म्हणून मी खरोखर विचार केला.

"ते गाणं कुठे संपतं, सांग," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"शेवटी काय होतं त्यात?"

"ती येते. कडी काढते."

"आणि दार उघडल्यावर?"

"तिथे गाणं संपतं."

"ते गाण्यात नाही," मी म्हणाले. "मी सांगते काय व्हायचं. तू आत यायचास, बूट काढायचास आणि गिटार घेऊन गॅलरीत जायचास. मी कणकेच्या हातांनी दार उघडून तशीच उभी. काय झालं विचारलं तर म्हणायचास, काही नाही. जेवताना विचारायचास, गॅस संपत आलाय का. तुझे बाबा गेले तेव्हा तुला काय वाटलं हे मला कसं कळलं आठवतंय? शनिवारी तालमीला. तू नवीन गाणं म्हणून दाखवलंस. एमॉसला आणि मला एकाच वेळी कळलं."

"मला असंच येतं सांगता."

"माहितेय. आणि फार सुंदर सांगतोस. आत्ता आत जे सांगितलंस ना, तेवढं या सगळ्या वर्षांत घरी नाही सांगितलंस. पण मला घरी राहायचं असतं, हेरंब. तालमीत नाही."

खाली बागेत माई एका वेलीला हात लावून उन्मेषला काहीतरी विचारत होत्या. हेरंबचा चेहरा लाल झाला.

"मग हे गाणं ठेवायला कशाला लावलंस? काल मी काढतच होतो. मला असं सगळ्यांसमोर गायला लावलंस, आणि आता..."

"कारण ते चांगलं आहे," मी म्हणाले. "आणि तेव्हा ते खरं होतं. दार वाजलं की मी धावत यायचे, माझ्याही ते लक्षात आहे. आपलं नाही जमलं म्हणून ते कुणी खोटं पाडलेलं मला चालणार नाही. तू पाडलेलंसुद्धा नाही."

तो बराच वेळ गप्प बसला. मी त्याला बसू दिलं. पूर्वी मी अशा वेळी काहीतरी बोलून ती शांतता भरून काढायचे. त्या दिवशी काढली नाही.

शेवटी त्याने विचारलं, "आणि बँड?"

"बँडला काय झालंय?"

"तू राहणार आहेस?"

"अरे, मी सोडून दुसरं कुणी शेवटच्या कडव्याला थांबलं असतं का?"

त्याला हसू आवरलं नाही. डोळे ओले होते, पण हसला. "ते कसं सुचलं तुला?"

"सुचलं नाही. तू छान गात होतास. तुला माझी गरज नव्हती."

हे बोलून गेले आणि मलाच ऐकू आलं काय बोलले ते. त्यालाही आलं असणार. पण त्याने त्याचं गाणं केलं नाही, निदान तेव्हा तरी. नुसती मान डोलावली आणि उठून चहा आणायला गेला.

माईंना मीच सांगितलं. त्या बागेतून वर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा इतका आशेने भरलेला होता, की मी त्यांचा हात धरून बाजूला नेलं. "माई, आमचं ठरलंय तेच कायम आहे."

"पण आत्ता मी माझ्या डोळ्यांनी बघितलं," त्या म्हणाल्या. "एवढं कुणी उगाच गातं का?"

"उगाच नाही गायला. पण तुम्ही त्याच्याबरोबर एका घरात राहिलात, माई. मी काय म्हणतेय ते तुम्हाला कळेल."

त्या हळूच म्हणाल्या, "ह्याचे वडीलही असेच होते. त्यांना तर गाताही येत नव्हतं." आणि एकदम, अगदी अनपेक्षित, त्या हसल्या. मीही हसले. जाताना रिक्षात बसण्याआधी त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला, पूर्वीसारखाच.

त्या संध्याकाळी आम्ही आणखी एक गाणं पूर्ण केलं. हेरंबने त्यात एक नवीन सुरावट काढली आणि मी तिच्याखाली वेगळंच काहीतरी वाजवलं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवली, बरोबर बसलंय म्हणून. सगळ्या गोष्टी संपलेल्या नसतात, हे तेव्हा मला पक्कं कळलं.

अल्बम दिवाळीनंतर आला. फार मोठा गाजावाजा झाला नाही, पण तो पसरत गेला. पुण्यातून बोलावणी आली, मग कोल्हापूर, नागपूर, एकदा बडोदाही. 'किल्ली आहे खिशात' लोक लग्नांत वाजवायला लागले. त्याबद्दल एमॉस आम्हा दोघांकडे बघून अजून मान हलवतो. कोर्टाच्या शेवटच्या तारखेला मी आणि हेरंब एकाच गाडीतून गेलो, कारण दुपारी आम्हाला संगमनेरला कार्यक्रमाला पोचायचं होतं. सह्या झाल्या. बाहेर आल्यावर त्याने गाडीचं दार माझ्यासाठी उघडून धरलं आणि मी म्हणाले, "चल लवकर, साउंड चेक आहे."

पुढे मी दुसरं लग्न केलं. माझा नवरा बेसुरा आहे आणि अखंड बोलतो. हेरंबने लग्न केलं नाही. त्याने त्यानंतर आणखी तीन अल्बमांची गाणी लिहिली आणि त्या सगळ्यांवर बेस माझा आहे.

संगमनेरच्या त्या कार्यक्रमानंतर वायरी गुंडाळताना एक मुलगी स्टेजपाशी आली होती. वीस-बावीसची असेल, डोळे चमकत होते. शेवटचं गाणं चालू असताना तुम्ही दोघं ज्या पद्धतीने एकमेकांकडे बघत होतात ते फारच भारी होतं, असं म्हणाली. मग जरा लाजत विचारलं, "तुम्ही नवरा-बायको ना?"

हेरंब गिटार पेटीत ठेवत होता. त्याचा हात थांबला.

"नाही," मी म्हणाले, "आम्ही एकत्र वाजवतो." आणि आवाज वाढवणाऱ्या ॲम्पची एक बाजू उचलून त्याला म्हणाले, "धर ती बाजू."

त्याने धरली. आम्ही तो जड डबा पायऱ्यांवरून खाली उतरवला आणि गाडीत चढवला.